कोळंबीच्या तळ्यातलं अँटिबायोटिक: रेझिस्टन्स पसरतो कसा, आणि आपण मोजतो काय?

मासे घरपोच देणाऱ्या ॲपवर कोळंबी शोधली की पाकिटाच्या फोटोखाली बऱ्याचदा एक शिक्का दिसतो: 'अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री'. बहुतेक जण त्याचा अर्थ 'या कोळंबीला औषधाचा थेंबही लागलेला नाही' असा लावतात. शिक्का तेवढं म्हणत नाही. तो फक्त एवढंच सांगतो, की कोळंबीच्या मांसात औषधाचा उरलेला अंश ठरलेल्या मर्यादेच्या वर सापडला नाही. ती ज्या पाण्यात वाढली त्या पाण्यात औषध पडलं होतं का, आणि तिथले जिवाणू त्या औषधाला निर्ढावले का, हे दोन्ही प्रश्न त्या शिक्क्याच्या बाहेरचे आहेत. रेझिस्टन्सचा सगळा विषय मात्र याच दोन प्रश्नांत आहे.

आधी आकडा सांगतो, म्हणजे विषय किती मोठा आहे ते कळेल. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं गेली, आणि जवळजवळ ४९.५ लाख मृत्यूंमध्ये अशा जिवाणूंचा हात होता. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, ऑपरेशननंतर चिघळलेली जखम, असे हे साधे वाटणारे आजार. गोळी होती, पण चालली नाही.

मी माहीमचा. लोकलच्या इंडिकेटरवर दिसतं ते मुंबईतलं माहीम नव्हे. पालघर स्टेशनला उतरून समुद्राकडे गेलात की लागतं ते, केळव्याच्या शेजारचं. आमच्या उत्तरेला सातपाटी, पापलेटसाठी नाव कमावलेलं बंदर. त्याच्या पुढे बोईसर-तारापूरची एमआयडीसी, जिथे रसायनांचे आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने दाटीनं उभे आहेत. आणि या पट्ट्यात डहाणूपर्यंत, खाड्यांच्या काठच्या खाजण जमिनींवर जागोजागी कोळंबीचे तलाव. मासेमारी, मत्स्यशेती आणि औषधनिर्मिती, तिघांचं पाणी शेवटी एकाच समुद्राला मिळतं. कामानं मी सॉफ्टवेअरवाला, बायोलॉजीशी संबंध कॉलेजच्या आधीच सुटला. पण हा विषय वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की जिवाणूंचं हे सगळं प्रकरण फाइल शेअरिंगसारखं चालतं. त्यामुळे ते त्याच भाषेत सांगतो.

तळ्यात नेमकं काय होतं

आज भारतात तलावात वाढवली जाणारी बहुतेक कोळंबी 'व्हनामी' जातीची असते. ही मूळची आपली नाही, पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. आधी टायगर प्रॉन वाढवायचे. नव्वदच्या दशकात व्हाइट स्पॉट रोगानं त्यांचं कंबरडं मोडलं, आणि २००९ मध्ये सरकारनं व्हनामीला परवानगी दिली. एका चौरस मीटरला ६० पिल्लांपर्यंत बीज सोडता येतं. पीक साधारण तीन-चार महिन्यांत निघतं. धंदा किती मोठा आहे? २०२३-२४ मध्ये देशातून ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी बाहेर गेली, किंमत ४० हजार कोटी रुपयांच्या वर. यात आंध्रचा वाटा सगळ्यात मोठा, आपला लहान.

आता चौरस मीटरला ६० जीव, त्यांचं खाद्य, त्यांची विष्ठा, आणि एप्रिल-मे मधलं कोमट पाणी. जिवाणूंसाठी याहून सोयीची जागा नाही. एरेटर तासभर बंद पडला तरी गडबड. तलावात बसवलेल्या चेक ट्रेमध्ये रात्री टाकलेलं खाद्य सकाळी तसंच दिसलं, की मालकाच्या पोटात गोळा येतो. बीज, खाद्य, वीज यांचे पैसे उधारीवर घेतलेले असतात आणि रोग तलाव आठवड्याभरात साफ करू शकतो. अशा वेळी कोणी 'हे पावडर खाद्यात मिसळ' म्हणून सांगितलं तर माणूस टाकतो. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही.

गंमत अशी (गंमत कसली, पैसे वाया), की कोळंबीच्या मोठ्या रोगांपैकी दोघांवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नसतो. व्हाइट स्पॉट हा व्हायरस आहे. ईएचपी हा बुरशीच्या नात्यातला परजीवी आहे. त्यानं कोळंबी मरत नाही, पण वाढ खुंटते. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं, म्हणजे उरला व्हिब्रिओ. आणि तिथेही अडचण आहे: आजारी कोळंबी आधी खाणं सोडते. औषध खाद्यातून दिलेलं, त्यामुळे ज्यांना गरज आहे त्या खात नाहीत, धडधाकट खातात, आणि उरलेलं खाद्य विरघळून तळाच्या गाळात बसतं. खाल्लेल्या औषधाचाही बराचसा भाग तसाच बाहेर पडतो. कोंबडीला किंवा गाईला औषध देतात तेव्हा ते एका प्राण्याला दिलेलं असतं. तळ्यात ते पाण्याला दिलेलं असतं. पीक काढताना हेच पाणी खाडीत सोडलं जातं.

आणखी एक भानगड. कित्येकदा पाकिटावर 'प्रोबायोटिक' किंवा 'ग्रोथ टॉनिक' लिहिलेलं असतं आणि आत काय आहे ते तलाववाल्याला ठाऊकच नसतं. म्हणूनच कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटी, म्हणजे किनारी मत्स्यशेतीवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, अशा मालाची 'यात अँटिबायोटिक नाही' म्हणून वेगळी नोंदणी करते. पाकीट घेताना तो नोंदणी क्रमांक बघणं हे तलाववाल्याच्या हातातलं काम आहे.

वारसा नव्हे, फॉरवर्ड

शाळेत आपण शिकतो: औषध दिलं, बहुतेक जिवाणू मेले, योगायोगानं टिकाव धरणारे एक-दोन वाचले, त्यांची पिल्लावळ वाढली. हे खरं आहे, पण अर्धंच. नुसतं एवढंच असतं तर डहाणूच्या तळ्यातला व्हिब्रिओ तळ्यातच राहिला असता. त्याला माणसाच्या शरीरात फारसं काम नाही.

दुसरा अर्धा भाग म्हणजे प्लास्मिड. जिवाणूच्या मुख्य डीएनएला फोनची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणू. प्लास्मिड हे डीएनएचं वेगळं, छोटं, गोल वेटोळं असतं. बाहेरून टाकलेल्या एपीके फाइलसारखं. ते स्वतःची कॉपी करतं, आणि दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मुख्य मुद्दा हा, की घेणारा आणि देणारा एकाच जातीचे असायला लागत नाहीत. व्हिब्रिओकडून ई. कोलायकडे, ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडे. आपल्याला डोळ्यांचा रंग आईवडिलांकडून मिळतो. जिवाणूला औषध पचवायची युक्ती शेजाऱ्याकडून मिळते, तीही काही मिनिटांत.

ही फाइल केवढी असते? एनडीएम-१ हे जनुक घ्या. हॉस्पिटलमध्ये राखून ठेवलेली कार्बापेनेम गटाची औषधं ते निकामी करतं. त्याची लांबी ८१३ अक्षरं. जुन्या एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची होती, म्हणजे सहा एसएमएसमध्ये मावेल. कोलिस्टिन या अगदी शेवटच्या फळीतल्या औषधाला हरवणारं एमसीआर-१ हे १६२६ अक्षरांचं. ते चीनमध्ये डुकरं, मांस आणि रुग्णांमध्ये सापडल्याचं नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं. कोलिस्टिन जनावरांना वाढीसाठी सर्रास दिलं जात होतं. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

मत्स्यशेतीशी थेट संबंध सांगणारं उदाहरण म्हणजे फ्लोआर नावाचं जनुक. फ्लोरफेनिकॉल हे जनावरांसाठी आणि माशांसाठीचं अँटिबायोटिक. त्याला निष्प्रभ करणारं जनुक १९९६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी माशांना आजारी पाडणाऱ्या फोटोबॅक्टेरियम या जिवाणूच्या प्लास्मिडवर दाखवलं. पुढे साल्मोनेलाच्या डीटी १०४ या प्रकारात, जो माणसांमध्ये अन्नातून पसरतो आणि एकाच वेळी पाच औषधांना दाद देत नाही, जवळजवळ तसंच जनुक सापडलं. क्विनोलोन गटातल्या औषधांविरुद्धचं क्यूएनआरए हे जनुकही आज हॉस्पिटलच्या जिवाणूंत फिरतं. त्याचं मूळ घर पाण्यात राहणाऱ्या शिवानेला अल्जी या जिवाणूच्या डीएनएमध्ये असल्याचं २००५ मध्ये दाखवलं गेलं. पाण्यातल्या जिवाणूंकडे या युक्त्या पूर्वीपासून आहेत. आपण औषध ओतून त्या युक्त्यांना भाव आणतो.

इथे दोन तपशील असे आहेत जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, आणि बातम्यांत ते फार कमी येतात.

पहिला: निर्ढावलेले जिवाणू निवडले जायला औषध मारक प्रमाणात असावं लागत नाही. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की साध्या जिवाणूची वाढ थांबवायला जेवढं औषध लागतं त्याच्या २३० पट कमी प्रमाणातही रेझिस्टंट जिवाणू शर्यत जिंकू शकतात. म्हणजे खाडीत जाऊन पातळ झालेलं औषध 'आता निरुपद्रवी झालं' असं म्हणता येत नाही. ते मारण्याइतकं उरत नाही, निवडण्याइतकं उरतं.

दुसरा: एका प्लास्मिडवर एकच जनुक क्वचितच असतं. नवीन फोनमध्ये कंपनीनं आधीच भरलेली नको असलेली ॲप्स असतात ना, तसं. टेट्रासायक्लिनविरुद्धचं जनुक, सल्फाविरुद्धचं जनुक, आणि सोबत तांबं किंवा पारा सहन करायचं जनुकही. त्यामुळे टेट्रासायक्लिन टाकलं तरी सगळं पॅकेज टिकतं. इतकंच नाही, पाण्यात अँटिबायोटिक अजिबात नसेल पण जड धातू असतील, तरीही पॅकेज टिकतं. औद्योगिक पट्ट्याशेजारी मत्स्यशेती असण्याचा अर्थ या वाक्यात आहे.

प्रयोगशाळा काय शोधते

आता त्या शिक्क्याकडे. तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली एलायझा: झटपट, स्वस्त, प्रेग्नन्सी टेस्टच्या नात्यातली रासायनिक चाचणी. तिथे शंका आली की एलसी-एमएस-एमएस हे महागडं यंत्र, जे रेणूचं वजन मोजून नक्की कोणतं औषध आहे ते सांगतं. निर्यातीसाठीच्या कोळंबीची पीक काढण्याआधी तपासणी करायची व्यवस्था एमपीडाकडे, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे आहे.

मर्यादा किती बारीक? युरोपियन युनियननं नोव्हेंबर २०२२ पासून क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ०.१५ पीपीबी आणि नायट्रोफ्युरानच्या अवशेषांसाठी ०.५ पीपीबी ही रेषा धरली आहे. ०.१५ पीपीबी म्हणजे एक टन कोळंबीत मिठाच्या दोन-तीन कणांएवढं औषध. त्याच्या वर सापडलं की माल अडकला. २०१६ मध्ये युरोपनं भारतीय मत्स्यशेतीच्या मालातले तपासायचे नमुने १० टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा ज्यांनी काहीच टाकलं नव्हतं त्यांचाही माल बंदरात खोळंबला.

ही दोन नावं का? क्लोरॅम्फेनिकॉल हे एकेकाळी टायफॉइडवरचं हुकमी औषध. पण क्वचित एखाद्या माणसात त्यानं अस्थिमज्जा रक्त बनवणंच थांबवते, आणि त्यासाठी सुरक्षित प्रमाण ठरवता येत नाही. नायट्रोफ्युरानवर कॅन्सरचा संशय आहे, आणि त्याचे अवशेष मांसातल्या प्रथिनांना असे चिकटतात की शिजवूनही जात नाहीत. म्हणून शून्य सहनशीलता. भारतातही कोळंबीच्या तलावासाठी मनाई असलेल्या वीस औषधांची आणि औषधगटांची यादी कित्येक वर्षांपासून आहे, आणि एफएसएसएआयचे आणखी कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

नीट बघा, ही सगळी यंत्रणा एकच प्रश्न विचारते: खाणाऱ्याच्या पोटात औषध जाईल का? प्रश्न रास्त आहे. पण रेझिस्टन्सचा नाही. समजा तलावात महिनाभर औषध टाकलं, मग ठरलेले दिवस थांबून पीक काढलं. कोळंबीच्या अंगातून औषध निघून गेलं, रिपोर्ट स्वच्छ आला. गाळातले जिवाणू मात्र बदललेले आहेत, आणि पुढच्या पिकाला ते हजर असतील. आमच्या भाषेत सांगायचं तर आपण सर्व्हरवरची टेंपररी फाइल डिलीट झाली का ते तपासतोय. कोड बदलला का ते कोणी बघत नाही.

आणखी एक बोच. निर्यातीचा माल असा चाळणीतून जातो. तुमच्या-माझ्या बाजारात येणारा कधी जातो, कधी नाही.

तारापूरचं पाणी आणि नसलेला रकाना

मत्स्यशेतीकडे बोट दाखवून थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. जगभरात मत्स्यशेतीत २०१७ मध्ये वापरलेल्या अँटिबायोटिकचा एक अंदाज १०,२५९ टनांचा आहे, त्यातला जवळपास ९४ टक्के आशिया-पॅसिफिकमध्ये, आणि चीननंतर भारताचा नंबर. पण त्याच संशोधकांच्या हिशेबात माणसं, जनावरं आणि मासे मिळून जेवढं अँटिबायोटिक लागतं त्यात मत्स्यशेतीचा वाटा सहा टक्क्यांच्या आत आहे. उरलेलं आपल्या आणि आपल्या जनावरांच्या पोटातून गटारात, आणि गटारातून समुद्रात जातं.

शिवाय औषध जिथे बनतं तिथलं पाणी. हैदराबादजवळच्या पटणचेरूमध्ये औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र होतं. स्वीडिश संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तिथून बाहेर पडणारं, म्हणजे 'शुद्ध केलेलं' पाणी तपासलं. २००७ च्या त्यांच्या पेपरात एका लिटरमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याची नोंद आहे. सिप्रोची गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्यापेक्षाही जास्त.

यानंतर नियम व्हायला हवा होता. झाला होता, म्हणजे होत होता. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं मसुदा काढला, त्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती असावं याची औषधवार मर्यादा होती. जगात असं बंधन घालणारे आपण पहिल्यांतले ठरलो असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२४ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच, कायदा नव्हे.

तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मच्छीमारांचं साधं म्हणणं होतं: एमआयडीसीचं पाणी नवापूरजवळ समुद्रात जातं आणि आमची मासळी जाते. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं सांडपाणी केंद्रावर आणि कारखान्यांवर पर्यावरण भरपाई लावली. अशा तपासण्यांत बीओडी, सीओडी, पीएच हे नेहमीचे रकाने असतात. अँटिबायोटिकचा रकानाच नाही. ज्या पट्ट्यात औषधांचा कच्चा माल बनतो तिथे तो नसावा, हे मला तरी न पटणारं आहे. मॉनिटरिंग न लावलेल्या सर्व्हरवर एरर दिसत नाहीत, याचा अर्थ सर्व्हर ठीक आहे असा कोणताही इंजिनीअर काढणार नाही.

मुंबईच्या बाजारातला पुरावा

वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, सगळे 'सीआयएफई' म्हणतात. तिथल्या संशोधकांनी मुंबईच्या किरकोळ बाजारातली ताजी मासळी तपासली. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पेपरात ईएसबीएल बनवणारे जिवाणू सापडल्याची नोंद आहे. हे जिवाणू सेफॅलोस्पोरिनसारखी नेहमीची औषधं फोडून टाकतात. त्यांत ई. कोलाय आणि क्लेबसिएला पुढे होते. २०१९ मध्ये त्याच संस्थेतून मासळीवर एनडीएम जनुक वाहणारे जिवाणू मिळाल्याचंही प्रसिद्ध झालं.

इथे ई. कोलाय हे नाव महत्त्वाचं. तो माशाचा रहिवासी नाही, माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातला आहे. म्हणजे तो मासळीवर आला तो सांडपाण्यातून, किंवा बंदरावरच्या पाण्यातून, बर्फातून, हातातून. तळ्यातून माणसाकडे हा एकच रस्ता नाही. माणसाकडून समुद्राकडे आणि परत ताटात, असाही आहे.

लस देऊन भागेल का?

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, आणि ते खरंच चांगलं आहे. १९८७ मध्ये तिथल्या सॅमन शेतीत जवळपास ५० टन अँटिबायोटिक लागायचं. मग लशी आल्या. आज दहा लाख टनांहून जास्त सॅमन निघतो आणि औषध एका टनाच्याही आत. तोच मासा वाढवणाऱ्या चिलीमध्ये २०१४ साली ५६३ टन वापरलं गेलं, कारण तिथल्या मुख्य रोगावर चांगली लस नव्हती.

कोळंबीत हा मार्ग बंद आहे. लस चालते कारण शरीर एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवतं आणि अँटिबॉडी बनवतं. कोळंबीकडे अँटिबॉडी नसतात. त्यामुळे उरतं ते कंटाळवाणं काम: तपासलेलं बीज, कमी दाटी, दोन पिकांमध्ये तलाव उन्हात वाळवणं, पक्षी-खेकडे अडवणारी जाळी, गाळ काढणं. यातलं काहीही इन्स्टावर रील करण्यासारखं नाही. चालतं मात्र हेच.

फोन आणि लॅपटॉपवर काय करता येतं

ई. कोलायचा पूर्ण जीनोम साधारण ५० लाख अक्षरांचा. प्लेन टेक्स्टमध्ये ५ एमबी, फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओएवढा. असे हजारो जीनोम अमेरिकेच्या एनसीबीआयच्या साइटवर फुकट उतरवता येतात. ती फाइल डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या रेसफाइंडरवर किंवा कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या कार्ड या डेटाबेसवर टाकली, की कोणती रेझिस्टन्स जनुकं आत आहेत त्याची यादी मिळते. आत चालतं ते मूळात स्ट्रिंग मॅचिंग: माहीत असलेल्या जनुकांची यादी घ्यायची आणि लांबलचक मजकुरात शोधायची. थोडंफार पायथन येणाऱ्या कोणालाही रविवारचा प्रकल्प म्हणून करण्यासारखं आहे. मर्यादाही तीच: यादीत नसलेलं जनुक दिसणार नाही.

जुनी पद्धत वेगळी. जिवाणू पेट्री डिशमध्ये पसरायचे, औषधाच्या चकत्या ठेवायच्या, आणि चकतीभोवती किती मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं राहतं ते दुसऱ्या दिवशी मोजायचं. मोठं वर्तुळ म्हणजे औषध चालतं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'नं यासाठी अँटिबायोगो हे अँड्रॉइड ॲप काढलंय: डिशचा फोटो काढा, ॲप वर्तुळं मोजून अर्थ लावायला मदत करतं. लहान लॅबच्या टेक्निशियनसाठी आहे, घरी करायचा प्रयोग नव्हे.

तलाववाल्यांसाठी 'रिपोर्ट फिश डिसीज' हे सरकारी ॲप जून २०२३ मध्ये आलं, लखनौच्या एनबीएफजीआर संस्थेनं बनवलेलं. मासे किंवा कोळंबी आजारी दिसली की फोटो आणि माहिती पाठवायची, म्हणजे तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. घरात कोणाचा तलाव असेल तर हे ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून, एकदा बसून दाखवा. पावडर टाकण्याआधी हा रोग जिवाणूचा आहे की व्हायरसचा एवढं कळलं, तरी निम्मं औषध वाचेल.

मग कोळंबी खायची की नाही?

खायची. मी खातो. नीट शिजवली की जिवाणू मरतात, रेझिस्टंट असले तरी. औषधाला न जुमानणारा जिवाणू उकळत्या रश्शाला जुमानतो. धोका कच्ची हाताळताना असतो: साफ केलेल्या कोळंबीचं पाणी सिंकमध्ये उडतं, त्याच सुरीनं काकडी चिरली जाते. सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणानं धुवा, एवढं पुरतं. मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक मागू नका. पाकिटावर उभी लाल रेष असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण २०१६ पासून लोकांना सांगितली जातेय.

आणि ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांच्यासाठी: माशाच्या शेपटीला पांढरं दिसलं की यूट्यूब बघून ऑनलाइन टेट्रासायक्लिनची पुडी मागवणारे माझ्याच मित्रांत दोघं आहेत. ती टाकी म्हणजे छोटा तलावच, आणि तिचं पाणी बादलीनं बेसिनमध्ये ओतलं जातं. आधी पाणी बदला, फिल्टर धुवा, नवा मासा आणलात तर दोन आठवडे वेगळा ठेवा.